सात भावांची स्त्री : वैधव्य, पुनरुत्थान आणि उत्तर कोंकण

ख्रिस्ती शुभवर्तमानांत एका स्त्रीची गोष्ट आहे. मत्तय (अ. २२), मार्क (अ. १२) व लूक (अ. २०) या तिघांनींही ती दिली आहे. सदूकी पंथाचे कांहीं लोक येशूपुढें येऊन एक कोडें घालतात. मोशेच्या शास्त्राप्रमाणें निपुत्रिक मेलेल्या भावाची स्त्री दुसऱ्या भावानें करावी व मृताचा वंश चालवावा. एका घरीं सात भाऊ होते. थोरला निपुत्रिक वारला. दुसऱ्यानें तिला केलें, तोही तसाच गेला. तिसऱ्याची तीच गत झाली. याप्रमाणें सातही संपले आणि सर्वांच्या मागून ती स्त्रीही मेली. मेलेलीं माणसें जर पुन्हां उठावयाचीं असतील, तर त्या दिवशीं ती कोणाची बायको व्हावी ? येशूचें उत्तर थोडक्यांत असें, कीं त्या लोकीं विवाहसंस्थाच नाहीं. तेथील माणसांची स्थिति देवदूतांसारखी असते.

कोणाचें मत खरें व कोणाचें खोटें हें ठरविण्याचें हें स्थान नव्हे. कायद्याच्या व चालीरीतींच्या इतिहासाचें एक साधन म्हणून या उताऱ्याकडे पाहावें, इतकाच आमचा उद्देश आहे. सदूक्यांचा प्रश्न निवळ थट्टेचा, अशक्य कल्पनेवर रचलेला, असें सांगण्याचा भाष्यकारांत प्रघात आहे. कल्याणच्या परिसरांतून पाहणाऱ्यास मात्र तसें वाटूं नये. येथें जे समाज शेंकडों वर्षें एकमेकांच्या शेजारीं राहिले, त्यांपैकीं प्रत्येकाला मृताची स्त्री कोणाची हें ठरवावें लागलेलें आहे. आणि एका समाजाच्या पोथ्यांत तर सदूक्यांच्या प्रश्नाचें सरळ, लेखी उत्तर दिलेलें आढळतें.

हा परिसर म्हणजे उल्हास व वालधुनी या नद्यांच्या कांठचा. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं आज एकमेकांस भिडूं पाहणारीं शहरें आहेत. त्यांतील उल्हासनगर अलीकडचें. दुसऱ्या महायुद्धांतील कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागीं सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत होऊन १९४९ सालीं त्याला हें नांव मिळालें. अंबरनाथ मात्र जुनें आहे. वालधुनीच्या कांठच्या शिवालयावरील शिलाहार राजा माम्वाणि याचा लेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हें देवालय उभें राहिलें त्यापूर्वीं सुमारें पन्नास वर्षांच्या काळांत, त्याच शिलाहारांच्या राज्यांत, इराणी धर्माचे यात्रेकरू कान्हेरीच्या लेण्यांत येऊन पहलवी लिपींत आपलीं नांवें कोरून गेले होते. ते लेख इ. स. १००९ व १०२१ चे आहेत. शिलाहारांच्या ताम्रपटांतील ‘हंयमन’ हा शब्द संजाण नगराचा वाचक कीं पारशांच्या अंजुमनाचा, हा वाद आमच्या वाचकांस परिचित आहेच. सहाव्या शतकांतील कॉस्मस या ग्रीक प्रवाशानें ‘कल्लियाना’ येथें इराणांतून नेमलेला ख्रिस्ती बिशप असल्याचें लिहिलें आहे. तें स्थळ म्हणजे आपलें कल्याणच, असें बहुतेक संशोधक मानतात. ठाण्यास १३२१ सालीं चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, त्या प्रसंगाच्या ओडोरिककृत वृत्तांतांत तेथें नेस्तोरी ख्रिस्त्यांचीं पंधरा घरें असल्याचा उल्लेख येतो. आणि याच किनारपट्टीवर, खेड्याखेड्यांतून, मराठी बोलणारे बेने इस्रायल राहत आले. तेव्हां हिंदु, पारशी, यहुदी व ख्रिस्ती अशीं चार शास्त्रें या एवढ्याशा मुलखांत नांदलीं आहेत.

आतां मूळ उताऱ्याकडे वळूं. सदूक्यांनीं ज्या शास्त्राचा आधार घेतला तें अनुवाद नांवाच्या ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत आहे. एकत्र राहणाऱ्या भावांपैकीं एक निपुत्रिक मेल्यास त्याची स्त्री परक्याकडे जाऊं नये. दिरानें तिला करावी, आणि होणाऱ्या पहिल्या मुलानें मृताचें नांव चालवावें. दीर नाकबूल असेल तर तिनें गांवच्या वडील मंडळीसमोर त्याच्या पायांतील जोडा काढून त्याच्या तोंडावर थुंकावें. त्याच्या घराला पुढें ‘जोडा काढलेल्याचें घर’ असें हिणवून म्हणत. या जोडा काढण्यासच पुढील यहुदी शास्त्रकार ‘हलीत्सा’ म्हणतात. एरवीं भावजयीशीं संबंध लेवीय ग्रंथांत निषिद्धच आहे. म्हणजे जी स्त्री पुत्रवती असतां दिराला वर्ज्य, तीच निपुत्रिक असतां त्याच्यावर बंधनकारक. मधली वाट नाहीं.

येथें मूळ ग्रीक भाषेंतील एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे, कारण ती भाषांतरांत हटकून हरवते. भावाचा वंश ‘उठवावा’ असें सदूकी म्हणतात, तेव्हां त्यांच्या तोंडीं जें क्रियापद आहे, त्याच धातूपासून ‘पुनरुत्थान’ या अर्थाचा ‘अनास्तासिस’ हा शब्द झाला आहे. उत्पत्ति ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायांत यहूदा आपल्या मुलास भावजयीकडे पाठवितो, तेथील जुन्या ग्रीक भाषांतरांतही हेंच क्रियापद आहे. तेव्हां सदूक्यांच्या प्रश्नाला एक धार आहे. मेलेला मनुष्य उठतो तो एकाच रीतीनें, आपल्या मुलाच्या रूपानें. आणि त्या उठण्याची व्यवस्था मोशेनें करून ठेवलेलीच आहे. मग हें दुसरें उठणें कोठून आणलें, असा त्यांचा रोख. सदूकी देहाबरोबर जीवही नष्ट होतो असें मानीत, असें योसेफस या यहुदी इतिहासकारानें लिहिलें आहे. ज्याला परलोक नाहीं त्याला पुत्र हाच परलोक. या दृष्टीनें पाहतां त्यांच्या प्रश्नांतील स्त्री ही साधन ठरते. सात जणांनीं तिच्यापासून आपलें उत्थान साधण्याचा यत्न केला व एकालाही तें साधलें नाहीं.

ही विचारसरणी आपल्याकडील शास्त्रज्ञांस मुळींच अपरिचित नाहीं. पति पत्नीच्या उदरीं प्रवेश करून स्वतःच पुन्हां जन्मतो, म्हणूनच तिला ‘जाया’ म्हणतात, असें मनूच्या नवव्या अध्यायांत सांगितलें आहे. सदूक्यांच्या ग्रीक शब्दश्लेषाला याहून जवळचा जोड सांपडणें कठीण. त्याच अध्यायांत बीज व क्षेत्र यांचा लांबलचक विचार करून मृताच्या स्त्रीच्या ठिकाणीं दिरानें वा सपिंडानें पुत्र उत्पन्न करण्याचा नियोगविधि दिला आहे, आणि लागलीच पुढें त्याला पशुधर्म म्हणून वेन राजाच्या माथीं मारलें आहे. पुढील निबंधकारांनीं दिराकडून पुत्रोत्पत्ति कलिवर्ज्यांत घालून हा वाद मिटविला. पण मुलाचा प्रश्न मिटला तरी स्त्रीचा राहिलाच. तो मनूच्या पांचव्या अध्यायांत सुटतो. पुत्राच्या लोभानें जी विधवा मृत पतीचा अतिक्रम करते ती पतिलोकास मुकते. जी संयमानें राहते ती निपुत्रिक असली तरी स्वर्गास जाते. म्हणजे स्मृतिकारांच्या मतें ती पहिल्याची, आणि परलोकींही पहिल्याचीच.

याच संदर्भांत ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांतील प्रेतसूक्ताची आठवण होते. मृताशेजारीं निजलेल्या स्त्रीला तेथें ‘ऊठ’ असें सांगून जिवंतांच्या जगाकडे बोलाविलें आहे, आणि आश्वलायन गृह्यसूत्रानें तिला उठविण्याचें काम दिराकडे, नाहीं तर शिष्याकडे वा जुन्या सेवकाकडे दिलें आहे. त्या मंत्रांतील पुढील शब्दांवरून पुनर्विवाहाचें अनुमान काढावें कीं नाहीं, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. आम्हीं त्यांत भर घालीत नाहीं. मात्र एवढें नमूद करावेंसें वाटतें, कीं तेथें उत्थान मृताचें नव्हे, विधवेचें आहे.

लोकव्यवहार अर्थातच स्मृतींप्रमाणें चालत नव्हता. ब्राह्मणादि जाती सोडल्यास महाराष्ट्रांत पाट किंवा म्होतूर सर्वत्र चाले, व त्यावर सरकार ‘पाटदाम’ नांवाची पट्टी घेई. मोल्सवर्थच्या कोशांत हा शब्द आहे. दिराशीं पाट बऱ्याच जातींत निषिद्ध, कांहींत धाकट्या दिरापुरता मोकळा. गुजरातेंत ‘दियरवटुं’ म्हणून त्यास स्वतंत्र नांवच आहे. परंतु पाटानें केलेली स्त्री लग्नाच्या बायकोच्या बरोबरीची मानीत नसत, आणि वटपूजेंत हाच पति जन्मोजन्मीं मागावयाचा असतो. आमच्याकडे एका पतीचे सात जन्म, तर सदूक्यांच्या कथेंत एका जन्मांत सात पति.

सात मृत पतींची आणखी एक कथा यहुदी वाङ्मयांत आहे व ती आपणांस इराणांत नेते. तोबीत नांवाच्या ग्रंथांत मीडिया देशांत राहणाऱ्या सारा या मुलीचीं सात लग्नें होतात आणि प्रत्येक वेळीं पहिल्याच रात्रीं अस्मोदेउस नांवाचा पिशाच नवऱ्याला ठार करतो. हें नांव अवेस्तांतील ऐष्म दैवाचें आहे, हें मत आतां सामान्यतः मान्य आहे. सदूक्यांनीं ही कथा ऐकली होती कीं नाहीं, हा वाद बाजूला ठेवूं. मात्र सात मृत पति, मागें राहिलेली स्त्री आणि इराण हीं तिन्ही एकत्र आलेलीं पाहिल्यावर इराणी धर्मशास्त्र उघडून पाहणें प्राप्त होतें. आणि तें शास्त्र आपल्या दाराशींच आहे.

हिंदुस्थानांतील पारशांनीं आपल्या आचारविषयक शंका इराणांतील दस्तुरांकडे पाठवून त्यांचीं उत्तरें आणविलीं, त्यांना रिवायत म्हणतात. पहिली १४७८ सालीं भडोचच्या नरीमान होशंगानें आणली; शेवटची १७७३ ची. सतराव्या शतकांत दाराब होरमज्यार यानें विषयवार जुळविलेला संग्रह मानेकजी उनवाला यांनीं १९२२ सालीं मुंबईस छापला, व धाभर यांचें इंग्रजी भाषांतर १९३२ सालीं निघालें. या रिवायतींत विवाहाचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील आपल्या विषयाचे तीन.

कुमारिकेचें मातापित्यांच्या संमतीनें झालेलें लग्न तें पादशाह-जन. ती व तिचीं मुलें दोन्ही लोकीं त्या पतीचीं. विधवा पुन्हां लग्न करते ती चाकर-जन. पहिल्या पतीपासून तिला मूल नसेल, तर दुसऱ्यापासून होणाऱ्या मुलांपैकीं निम्मीं पहिल्याच्या नांवें लागतात. आणि मुलें असोत वा नसोत, परलोकीं ती स्वतः पहिल्या पतीची. तिसरा प्रकार सर्वांत चमत्कारिक, सतर-जन. पंधरा वर्षांवरील पुरुष अविवाहित मेला, तर त्याचे आप्त एखाद्या मुलीला हुंडा देऊन दुसऱ्या कोणाशीं तिचें लग्न लावतात. तिचीं निम्मीं मुलें त्या मेलेल्याचीं, निम्मीं जिवंत नवऱ्याचीं, आणि परलोकीं ती त्या मेलेल्याची बायको, ज्याला तिनें या लोकीं डोळ्यांनीं पाहिलेंही नसेल. ई. डब्ल्यू. वेस्ट यानें १८८० सालीं बुंदहिश्नाच्या भाषांतराच्या टीपेंत हे प्रकार एकत्र दिले आहेत. तेथून ते युरोपीय विद्वानांच्या नजरेस आले.

हा नियम रिवायतींच्या काळींच निघाला असें कोणी म्हणूं नये. सासानी काळाच्या अखेरीस, सातव्या शतकांत, संकलित झालेल्या ‘मादिगान-इ-हजार दादिस्तान’ या न्यायसंग्रहांत चाकर-विवाह व मृताचा वंश चालविण्याची व्यवस्था यांचा विचार पदोपदीं येतो. त्या ग्रंथाच्या एकमेव हस्तलिखितापैकीं एका भागाची छायाप्रत जीवनजी मोदी यांनीं १९०१ सालीं पुण्यास काढली, हें आमच्या संग्राहकबंधूंस ठाऊक असेल. पहिल्या शतकांतील यहुदी लोकांपर्यंत हा नियम याच स्वरूपांत पोंचला होता, असा आमचा दावा नाहीं. आमचें म्हणणें मर्यादित आहे. मृतांच्या उठण्यावर, ज्याला पारशी ‘रिस्ताखेज’ म्हणतात त्यावर, श्रद्धा ठेवणाऱ्या एका जुन्या समाजानें सदूक्यांचाच प्रश्न गंभीरपणें विचारला होता आणि त्याचें उत्तर लिहून ठेवलें होतें. सात भावांची ती स्त्री रिवायतीपुढें आणली असती तर दस्तुरांना क्षणभरही अडचण पडली नसती. ती थोरल्याची. बाकीच्या सहा जणांची ती चाकर.

पारशी शास्त्र याहीपुढें जातें. बुंदहिश्नाच्या पुनरुत्थानविषयक प्रकरणांत, उठलेल्या मोठ्या माणसांस चाळीस वर्षांचें व लहानपणीं मेलेल्यांस पंधरा वर्षांचें वय मिळेल, प्रत्येकाला त्याची बायको परत दिली जाईल, मुलें दाखविलीं जातील, संसार आतांसारखाच चालेल, मात्र नवी संतति होणार नाहीं, असें वर्णन आहे. (इराणांतून आलेल्या या ग्रंथाच्या मोठ्या पाठाची छायाप्रत १९०८ सालीं मुंबईस निघाली, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ती हातीं लागल्यास सोडूं नये.) हें वर्णन लूकच्या पाठाशेजारीं ठेवावें. लूकमध्यें मत्तय व मार्क यांत नसलेला एक हेतु दिलेला आहे : त्या लोकींच्या माणसांना पुन्हां मरण नाहीं, म्हणून त्यांना लग्न नाहीं. येथें लग्नाची निंदा नाहीं. तिचें कारण सांगितलें आहे. मनुष्य मरतो म्हणून वंश हवा. वंश हवा म्हणून निपुत्रिकाची विधवा दिराकडे जावयाची. मरणच गेलें तर ती सारी साखळी गळून पडते. बुंदहिश्नांतही मरण जातें व प्रसूति जाते. परंतु बायको ज्याची त्याला परत मिळते. दोन्ही शास्त्रांचा प्रारंभ एकच आणि शेवट निराळा. आमच्या मतें शुभवर्तमानांतील उत्तराचें वैशिष्ट्य नेमकें येथें आहे. ‘कोणाची ?’ या प्रश्नाला त्यानें सातांपैकीं एकाचेंही नांव सांगितलें नाहीं, आणि नांव सांगण्याची रीत त्या काळच्या जगांत असंभाव्य नव्हती हें पारशी पोथ्यांवरून दिसतें.

येशूच्या उत्तराचा दुसरा भाग, जळत्या झुडुपाजवळ देवानें स्वतःस अब्राहाम, इसहाक व याकोब यांचा देव म्हटलें त्यावरून ते जिवंत आहेत असें काढलेलें अनुमान, हा यहुदी पंडितांच्या वादपद्धतीचा नमुना आहे. पुनरुत्थान मोशेच्या ग्रंथांतूनच सिद्ध करावें, हा हट्ट पुढें मिश्नाकारांनींही धरला. परलोकीं खाणें, पिणें व प्रजोत्पादन नाहीं, असें रब्बी राव यांचें मत तल्मूदांत नमूद आहे. तेव्हां याही बाबतींत येशू व पुढील यहुदी शास्त्रकार यांत अंतर थोडें आहे.

यहुद्यांचा मराठी बोलणारा समाज तो बेने इस्रायल. नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या आणि त्यांच्यापासून आपण झालों, अशी त्यांची परंपरा सांगते. (येथेंही सात आहेतच, लोककथेला हा आंकडा फार प्रिय, त्यावरून अनुमान काढूं नये.) शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. शब्बाथ, सुंता व खाण्याचे निर्बंध त्यांनीं पाळले. परंतु शास्त्रग्रंथांचा संबंध शतकानुशतकें तुटलेला होता. जॉन विल्सन यानें त्यांच्यासाठीं १८३२ सालीं मराठींतून हिब्रू व्याकरण छापलें. पनवेलचें सभास्थान १८४९ चें, ठाण्याचें १८७९ चें. वल्हांडणाचें हग्गादा मराठी भाषांतरासह १८७४ सालीं पुण्यास निघालें. नित्याच्या प्रार्थनेंत मृतांस जिवंत करणाऱ्या ईश्वराचें स्तवन आहे, तें याप्रमाणें मराठी घरांतून अर्थासह म्हटलें जाऊं लागलें.

परंतु अनुवाद ग्रंथाच्या २५ व्या अध्यायानें त्यांना गांठलें तें बऱ्याच उशिरां. इस्रायल राष्ट्र झाल्यावर हे लोक तिकडे जाऊं लागले. तेथील कांहीं रब्बी त्यांचीं लग्नें इतर यहुद्यांशीं लावण्यास नाकारूं लागले. कारण असें दिलें गेलें, कीं कोंकणांत असतां या समाजाला घटस्फोटाचा व हलीत्साचा विधि ठाऊक नव्हता. तेव्हां पूर्वीं केव्हां तरी एखादी स्त्री शास्त्रोक्त मोकळीक न घेतां पुन्हां विवाह करून गेली असल्यास तिच्या संततीविषयीं संशय राहतो. १९६१ च्या ऑक्टोबरांत मुख्य रब्बीमंडळानें अशा विवाहांस मनाई नाहीं असा निर्णय दिला, पण पुढल्याच वर्षीं पूर्वजांची चौकशी करण्याच्या सूचना काढल्या. १९६४ च्या उन्हाळ्यांत बेने इस्रायलांनीं जेरुसलेमांत धरणें धरलें. ऑगस्टांत इस्रायलच्या लोकसभेनें त्यांच्या बाजूनें ठराव केला आणि रब्बीमंडळास त्या सूचनांतून त्यांचें नांव काढावें लागलें. विशेष हें, कीं त्याच रब्बीमंडळानें १९५० सालीं दिराशीं विवाह करण्याची मूळ चाल बंद करून केवळ जोडा काढण्याचा विधि ठेवला होता. अलीबाग, पेण, पनवेलकडच्या ज्या विधवांविषयीं ही शंका घेतली गेली त्या केव्हांच मातीआड झाल्या होत्या. त्या कोणाच्या, हा प्रश्न त्यांच्या पणतवंडांस लग्नाच्या वेळीं विचारला गेला.

ख्रिस्ती समाजाकडे येतां भाषांतराचा प्रश्न पुढें येतो. कल्याण व ठाणें येथील प्राचीन मंडळींत हा उतारा सुरियानी भाषेंत वाचला जात असला पाहिजे. मराठींत तो छापून आला श्रीरामपूरच्या १८११ च्या नव्या करारांत, मग अमेरिकन मिशनच्या १८२६ च्या आवृत्तींत, व १८४७ च्या संपूर्ण पवित्र शास्त्रांत. मराठी भाषांतरकारापुढें येथें दुहेरी पेंच असतो. ‘पुनर्जन्म’ म्हणावें तर अर्थाचा अनर्थ, म्हणून ‘पुनरुत्थान’ हा संस्कृत शब्द रूढ झाला. आणि दुसरीकडे भावाचा वंश ‘उठविणें’ मराठी कानांस सोसत नाहीं, म्हणून ‘वंश चालविणें’, ‘संतति उत्पन्न करणें’ या धर्तीचे शब्द योजावे लागतात. परिणामीं सदूक्यांची सारी धार जाते. मराठी वाचकास त्यांचा प्रश्न पोरकट वाटतो, याचें निम्में कारण हें आहे.

त्या वाचकांना हा उतारा मिळाला तो काळही लक्षांत घेतला पाहिजे. १८५६ सालीं हिंदु विधवांच्या पुनर्विवाहाचा १५ वा कायदा झाला. त्याच वर्षीं अंबरनाथ-बदलापुरावरून खोपोलीकडे आगगाडी धांवूं लागली. पुढल्या वर्षीं बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ निघालें. त्या कायद्याचें दुसरें कलम वाचण्यासारखें आहे. पुनर्विवाह करतांच विधवेचा पहिल्या पतीच्या मिळकतींतील हक्क संपतो, आणि तो कसा संपतो, तर ती त्या क्षणीं मेली असें समजून. पाट ज्या जातींत पूर्वापार चालत होता त्यांनाही मुंबई उच्च न्यायालयानें हें कलम लावलें. अलाहाबादच्या न्यायालयानें उलट मत दिलें. मेलेल्या नवऱ्याच्या घरांत जिवंत बाई मेली समजावी, ही कायद्याची कल्पना १९८३ सालीं तो कायदा रद्द होईपर्यंत पुस्तकांत राहिली. सदूक्यांना ती आवडली असती.

मराठी भाषांतरकारांत एकच विधवा आहे. पंडिता रमाबाई यांचे पति बिपिनबिहारी मेधवी १८८२ सालीं वारले, लग्नाला दोन वर्षें होतात न होतात तोंच. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठींत उतरविलें; जुळणी व छपाई सदनांतल्या बायकांनीं केली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. सात भावांच्या स्त्रीचा हा उतारा मराठींत एका विधवेनें लिहिला व सदनांतल्या स्त्रियांनीं खिळ्यांत जुळविला, ही गोष्ट या आवृत्तीच्या प्रतीचें मोल वाढविणारी आहे. आधीच्या आवृत्त्यांशीं हा एक उतारा, विशेषतः ‘उठणें’ व ‘करून देणें’ हीं क्रियापदें, अक्षरशः ताडून पाहण्याचें काम कोणा अभ्यासकानें हातीं घ्यावें.

आणखी एक काम संग्राहकांकडूनच होण्यासारखें आहे. बेने इस्रायलांच्या घरीं कतुबा, म्हणजे लग्नाचे करारलेख, जपून ठेवलेले असतात. त्यांत वधू कुमारिका, विधवा कीं घटस्फोटित हें शास्त्राप्रमाणें लिहावें लागतें, आणि देण्याची रक्कमही त्यावर ठरते : कुमारिकेस दोनशें, विधवेस शंभर. दिराकडून मोकळीक घेतलेल्या विधवेस या लेखांत ‘हलुत्स्ता’ असा वेगळा शब्द आहे. कल्याण, पनवेल, पेण, अलीबाग या बाजूच्या जुन्या कतुब्यांत हा शब्द एकदां जरी सांपडला, तरी १९६२ च्या शंकेविषयीं बोलण्यास कांहीं आधार मिळेल. लेखांची भाषा अरामी व लिपि हिब्रू असल्यामुळें घरच्यांनाही पुष्कळदां तो वाचतां येत नाहीं. ज्यांच्याजवळ असे लेख असतील त्यांनीं नांवें झांकून का होईना, त्यांचीं छायाचित्रें पाठविल्यास वाचून देण्याची व्यवस्था करतां येईल.